शेगड्याच्या पोटातली पुडी

गुणाजी मिस्त्रीला कुणी शेगड्याचं वय विचारलं, की तो आधी शेगड्याला आंघोळ घालायचा. रॉकेलच्या घमेल्यात दिवसभर बुडवून ठेवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, चिंधीने पुसायचा आणि मग चष्मा कपाळावर सारून नुसत्या बोटांनी चाचपायचा. शेगडा म्हणजे फिटरच्या बाकाला बोल्टने आवळलेला तो लोखंडी जबडा. दांडा फिरवायचा, मधे तुकडा पकडायचा आणि कानस मारायची. शेगड्यावाचून फिटरचं पान हलत नाही, पण त्याचा जन्म कुठला, साल कुठलं, हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. गुणाजीला मात्र ते कळल्याशिवाय जेवण जात नसे.

"लढाईच्या आधीचा," तो म्हणायचा. "जबड्याच्या पट्ट्या बघा, खिळ्यांनी ठोकल्यात. लढाईतल्यांना स्क्रू असतात. आणि ह्याचा धनी डावखुरा होता. कानशीचे सगळे ओरखडे उलट्या अंगाला आहेत."

पलटणीतला माल असेल तर काम सोपं होतं. सरकारी बाणाची खूण आणि तिच्याजवळ सालाचे दोन आकडे रंगाखाली सापडायचेच. पण खूण नसली तरी गुणाजी अडायचा नाही. आटे कसे कापलेत, दांड्याची टोकं ठोकून फुगवलीत की गोळे बसवलेत, एवढ्यावरून तो साल सांगायचा, आणि ते सहसा बरोबर निघायचं. त्याला दारूचं व्यसन नव्हतं, तंबाखूचं नव्हतं. एकच होतं, आपलंच खरं करायचं. आणि त्या व्यसनाला कुणी नावं ठेवत नाही, उलट लोक चहा पाजतात.

तो मूळचा राजापूरकडचा, लोहाराचा मुलगा. लढाईच्या काळात कल्याणच्या छावणीत फिटर होता. लढाई संपली, छावणीतल्या मालाचा लिलाव झाला, बराकींतून सिंधमधून आलेली माणसं राहू लागली आणि विठ्ठलवाडीच्या बाजूला भंगाराचा बाजार भरू लागला. तिथे मोडक्या शेगड्यांचे ढीग पडलेले असत. कुणाचं अंग फुटलेलं, कुणाचा जबडा तुटलेला, कुणाचे आटे झिजलेले. गुणाजी ते वजनावर उचलायचा आणि एकाचं अंग, दुसऱ्याचा जबडा असं करून दोघांतून एक उभा करायचा. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन मिळाले तरी एकाच्या पुढच्या जबड्यामागची लांब पट्टी दुसऱ्याच्या अंगातल्या खाचेत नीट सरकत नाही. मग तो कानशीने केसाकेसाने उतरवायचा, खाचेत पितळेचे पातळ पत्रे बसवायचा आणि वरून एकाच डब्यातला हिरवा रंग द्यायचा. शेगडा विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं एकच बोलणं असायचं: "महिन्यातनं एकदा तेल दे. तुझा नातू वापरेल."

आणखी एक रीत त्याने गावाकडून आणली होती. त्याचा बाप जी वस्तू कायमची बंद होणार, तिच्या पोटात चिमूटभर अक्षता टाकायचा. गुणाजीही शेगडा जोडताना आतल्या नटाच्या मागे, ग्रीसमध्ये, एक पुडी दडपायचा. मेणकागदात कुंकू लावलेले पाच तांदूळ. पुड्या बांधायचं काम त्याच्या बायकोकडे, गंगुबाईकडे होतं. ती खंडेनवमीला वर्षभराच्या पुड्या एकदम बांधायची, वर जुन्या लुगड्याच्या काठाचा दोरा गुंडाळायची. गिऱ्हाइकाला हे कधी सांगायचं नसे.

बावन्न साली ठाण्याबाहेरच्या एका पंपांच्या कारखान्यातून एक शेगडा चोरीला गेला. तेवढ्यासाठी एरवी कुणी फौजदाराला त्रास दिला नसता, पण कारखान्याचा संशय ठरलेला होता. बाळकुमचा काळुराम हा आगरी गडी तिथे तीन वर्षं फिटर होता. बाप मिठागरावर राबलेला, हा लोखंडाकडे वळलेला. फोरमनशी वाजलं म्हणून पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने गावात रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली होती आणि तिथे सायकली, पंप, गाडीचे आस असलं काय काय तो दुरुस्त करायचा. पोलीस गेले तर त्याच्या बाकावर तसाच शेगडा. रंग खरवडल्यावर पुढच्या जबड्याच्या खालून कारखान्याची खूण निघाली, त्रिकोणात एक टिंब. कारखाना आपल्या प्रत्येक शेगड्यावर ती ठोकायचा.

काळुराम सांगत होता, पाच वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीच्या बाजारात विकत घेतला. पावती नव्हती. भंगार बाजारात पावती मागणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मग शेगडा ओळखणारा जाणकार कोण, अशी विचारपूस झाली आणि सगळ्यांनी एकच नाव घेतलं. गुणाजीला समन्स आलं तेव्हा त्याने नवा सदरा शिवला.

कोर्टात तो पिंजऱ्याकडे न बघता थेट शेगड्याकडे गेला. बोटं फिरवली, दांडा फिरवून आत-बाहेर केला, खाच चाचपली. "विलायती. बेचाळीस सालचा. बाण आहे, आकडे आहेत," त्याने सांगितलं. कारखान्याने दाखवलेला खरेदीचा कागदही बेचाळीस सालच्याच मालाचा होता.

तेवढ्यात पिंजऱ्यातून काळुराम ओरडला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता, बुडत्याला काठ दिसावा तसा.

"सायब, ह्याच मिस्तरीनं दिलता! बाजारान! मिस्तरी, मना वलखला नाय? तुमीच बोललेलाव, म्हयन्यातनं एकदा तेल दे, तुजा नातू वापरंल!"

आपलं वाक्य भर कोर्टात परक्याच्या तोंडून ऐकून गुणाजीने दांड्यावरचा हात काढून घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात दोन गोष्टी आल्या. पहिली अशी, की हा माझ्याकडचा असेल तर त्यावर कारखान्याची खूण कशी, आणि मग पोलीस उद्या माझ्या दुकानात येतील. दुसरी अशी, की माझ्या हातचा जोड मी ओळखणार नाही, हे शक्यच नाही. पहिली भीती होती, दुसरी घमेंड. त्याने दुसरी वर घेतली आणि पहिली तिच्याखाली झाकून टाकली. माणूस हे किती चटकन करतो, आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

"बाजारात सगळेच माझं बोलणं ऐकत असतात," तो म्हणाला. "हा माझ्याकडचा नाही."

काळुरामचा वकील गरीब होता, पण अगदीच बुद्दू नव्हता. त्याने विचारलं, "पुढचा जबडा एका शेगड्याचा आणि अंग दुसऱ्याचं, असं असू शकेल का? कारखान्याने मोडका शेगडा भंगारात काढला असेल तर?"

"तसं असतं तर मला कळलं असतं. माझा जोड तर मी डोळे बांधून ओळखीन. हा अख्खा शेगडा एकाच ठिकाणचा आहे. पट्टी बघा, खाचेत कशी सरकते. रंगसुद्धा दोन्हीवर एकच."

रंग एकच होता, कारण तो त्याच्याच डब्यातला होता. पट्टी सरकत होती, कारण ती त्यानेच सरकती केली होती.

"उघडून बघायचाय का?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

"गरज नाही साहेब. उघडून बघणारे मिस्त्री वेगळे."

कोर्टात हशा पिकला. कारकूनसुद्धा हसला. बाकावर काळुरामची बायको, बायजा, बसली होती. तिने हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही, ती गुणाजीकडे एकटक बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता आणि त्या वेळी गुणाजीला त्याचं बरं वाटलं.

काळुरामला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. शेगडा कारखान्यात गेला. गुणाजीचं नाव मात्र डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत झालं. जुना माल घेणारे त्याचं मत विचारल्याशिवाय व्यवहार करेनात आणि "उघडून बघणारे मिस्त्री वेगळे" हे वाक्य लोक त्यालाच ऐकवायचे. तो ते मान खाली घालून, पण कान टवकारून ऐकायचा.

पंचावन्नच्या भाद्रपदात त्याच कारखान्याने पाच शेगडे दुरुस्तीला पाठवले. गाडीवानाने ते दुकानात उतरवले. त्रिकोण पाचहींवर होता, पण चौथ्याच्या जबड्याखाली तो पोलिसांनी खरवडलेल्या हिरव्या रंगातून गुणाजीला दिसला. त्यात टिंब. हा तोच. त्याला जुना ओळखीचा भेटल्यासारखं वाटलं. आटे घसरत होते म्हणजे आतला नट गेला होता. त्याने पुढचा जबडा ओढून बाहेर काढला आणि खाचेत बोट घातलं.

बोटाला पितळ लागलं.

त्याने दिवा जवळ नेला नाही, चष्माही लावला नाही. ग्रीस पुसलं. दोन्ही बाजूंना पातळ पत्रे होते, कडा हाताने घासलेल्या, वरचा कोपरा किंचित मुडपलेला, जेणेकरून पत्रा आत सरकू नये. असा कोपरा दुसरं कुणी मुडपत नाही. मग त्याने नट सोडवला. मागे ग्रीस वाळून डांबरासारखं झालं होतं. त्यात पेचकस खुपसला तर पुडी निघाली.

ती उचलून तो घरात गेला. गंगुबाई भाजी निवडत होती. तिने पुडी हातात घेतली, दोरा नखाने साफ केला.

"माझीच ही. हिरव्या लुगड्याचा काठ. सत्तेचाळीसच्या खंडेनवमीलाच तेवढ्या हिरव्या दोऱ्याच्या पुड्या झाल्या, पुढच्या सालापासून लाल दोरा आहे. कुठल्या शेगड्यातली?"

सत्तेचाळीस. पंधरा माणसांसमोर त्याने सालं सांगितली होती, आणि ह्या शेगड्याचं खरं साल बायकोच्या लुगड्याच्या दोऱ्याने सांगितलं. कारखान्यातला शेगडा बावन्न साली गेला. हा त्याच्या पाच वर्षं आधी गुणाजीच्या हातून विकला गेला होता. भंगारात आलेला कारखान्याचा जबडा, पलटणीचं अंग, आणि मधे गुणाजीचं पितळ.

"बाळकुमच्या माणसाचा," तो म्हणाला.

गंगुबाईने हातातली भाजी परातीत ठेवली. "ज्याला आत टाकलं तो?"

"हो."

"अहो, मग त्याला सांगा ना जाऊन."

"सांगतो. कामं आहेत हातात."

आणि तो खरोखर कामाला लागला. इतका शहाणा माणूस, पण पुढचे चार दिवस त्याने जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. त्याने उरलेले चारही शेगडे आधी पुरे केले. मग ह्याला नवा नट कापला, पत्रे घासून चकचकीत केले, जबड्याच्या पट्ट्यांना नवे दात पाडून पाणी देऊन त्या कडक केल्या. मनाशी म्हणत होता, शिक्षा तर भोगून झाली, आता सांगून कुणाचं भलं होणार. कारखानाही गप्प, कोर्टही गप्प. आपण पुडी घालून बंद केला की संपलं. चौथ्या दिवशी त्याने गंगुबाईकडे पुडी मागितली.

"नाहीत," ती म्हणाली.

"डबा भरलेला आहे."

"चुलीत घातल्या. ज्याच्या घरी आपला तांदूळ गेला त्याचं काय झालं ते बघून या. मग बांधीन."

पाचव्या दिवशी तो ठाण्याला उतरला. आधी काळुरामच्या वकिलाकडे गेला आणि सगळं सांगितलं. वकिलाने जुने कागद काढून चाळले. मग म्हणाला, "अर्ज करता येईल. नाव साफ होण्याची आशा आहे. पण सही काळुरामची लागेल. त्याला घेऊन या."

गुणाजी माजिवड्यावरून चालत निघाला. वाटेत त्याने सगळी तयारी केली होती. काळुराम शिव्या देईल, द्याव्यात. अंगावर धावून येईल, यावं. मारलं तरी हात वर करायचा नाही. मग त्याला गाडीत घालून वकिलाकडे न्यायचं आणि कोर्टात उभं राहून, त्याच लोकांसमोर, मी चुकलो म्हणून सांगायचं. मार खायच्या तयारीनेच त्याला जरा हलकं वाटू लागलं होतं.

बाळकुमला रस्त्याकडेची शेड लगेच सापडली. वरचे पत्रे गेलेले होते, खांब होते. बाक मात्र होता, दोन माणसांना हलणार नाही असा. त्यावर शेगड्याच्या बैठकीचा ठसा होता. ठशाच्या आत लाकूड फिकट, आणि भोवती तेल-काजळीने काळं ठिक्कर, वर्षांनुवर्षांचं. चार बोल्टांची भोकं गंजाने आतपर्यंत लाल झालेली. आज आणून उद्या पकडलेल्या शेगड्याचा ठसा असा उमटत नाही. गुणाजीला हे वाचायला पळभर पुरलं. तीन वर्षांपूर्वी बाक दाखवा म्हणाला असता, तरी पुरलं असतं.

घर मागेच होतं. ओटीवर एक बाई सुकी मासळी निवडत होती. कपाळ मोकळं होतं. गुणाजीने ते पाहिलं, तरी विचारलं, "काळुराम आहे का?"

"गेल्या सालच्या आखाडान गेला," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून बघितलं. "तुमी कोर्टातले मिस्तरी ना?"

तो मान हलवून उभाच राहिला. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, घोंगडी झटकून अंथरली. "बसा. येवऱ्या लांब आलाव."

तो बसला. पाणी समोर ठेवलेलं. तुरुंगातून आला तोच खोकला घेऊन आला, ती सांगत होती, शेडमधे कुणी काम आणून देईना, चोराकडं कोण सायकल देतो, मग मिठागरावर गेला, आणि तिथून खाटेवर. ती हे सांगताना गुणाजीवर रागावलेली नव्हती. उलट त्याच्यासारख्या माणसाला दारात बघून संकोचली होती. गुणाजीने खिशातून पुडी काढली आणि सांगायला सुरुवात केली. पितळ, जबडा, दोरा, साल. काही लपवलं नाही. कोर्टात भीती वाटली होती, तेही सांगितलं.

बायजाचे हात मासळीत तसेच थांबले.

"म्हंजे त्यो खरा बोलत व्हता," ती म्हणाली.

"हो. खरंच बोलत होता."

"शेगरा तुमीच दिलता."

"मीच."

ती मग खाली मान घालून, गुणाजीला नाही, मासळीला सांगावं तसं बोलू लागली.

"सुटून आला त्या दिसाला पयला तेच बोलला. बायजे, त्याच मिस्तरीनं दिलता. मी बोलले, अजून तेच? येवरा मोठा मिस्तरी देवाची शपथ घेऊन बोलला, त्यो खोटा न तू खरा? कोर्टाला नाय तं नाय, मना तरी खरा सांग. त्यो रोज सांगाचा. मी रोज भांडाची. मी त्याचे पानान कदी माया करून वाडला नाय, मिस्तरी. चोरलाय तं चोरलाय, पन बायकोशी खोटा बोलतो, ह्याचाच मना राग. मंग त्यानं सांगाचा सोरून दिला."

कोंबडं ओटीवर चढलं. तिने त्याला हाकललं नाही.

"मराच्या आदल्या सांजला जवल बोलावलान. बोलला, हां बायजे, मीच चोरला. आता तरी माज्याशी नीट बोल." तिने पदराने नाक पुसलं. "मी नीट बोलले. बोलले, ह्या आदीच बोलला असतास तं येवरे दिस कशाला गेले असते? त्यो हसला. मना वाटला, मन हलका जाला म्हनून हसला."

गुणाजीने मार खायची तयारी केली होती. ह्याची केली नव्हती. छातीत काहीतरी आवळत चाललं आणि सोडवायला दांडा कुठे आहे ते त्याला कळेना. तो कसाबसा म्हणाला, "बाई, वकील म्हणतात अर्ज करू. मी कोर्टात सांगेन. नाव साफ होईल."

तिने त्याच्या हातातली पुडी घेतली. दोरा सोडला, कागद उलगडला. तांदूळ काळपट लाल झाले होते, पण पाचही अख्खे होते.

"हे कशाला घालतां?"

"वस्तू ज्याच्या घरी जाईल, त्याचं बरं व्हावं म्हणून."

मग कागद पुन्हा तसाच गुंडाळून तिने त्याच्यासमोर, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवला.

"मिस्तरी, तुमाला माफी मागाला मी तरी हाय," ती म्हणाली. "मी आता कोनाकडं जाऊ?"

गुणाजी पुडी उचलून ओटी उतरला. मागे तिने मासळी निवडायला घेतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने तोही थांबला.